आशियात फिरता फिरता बिझनेस मॉडेल कॅनव्हास शिकवायचा असेल तर

बँकॉकमधलं एखादं इनक्युबेशन सेंटर, जकार्तातलं को-वर्किंग, काठमांडूतल्या कॉलेजचा वर्ग... तुम्ही धंद्याचं मॉडेल कागदावर मांडून दाखवू शकता हे एकदा कळलं, की प्रवासात "आमच्याकडे एक सेशन घ्याल का?" अशी विचारणा होतेच. हा लेख पहिल्यांदा ‘हो’ म्हणणाऱ्यांसाठी आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. बिझनेस मॉडेल कॅनव्हास म्हणजे एखादा धंदा कसा चालतो हे एकाच कागदावर नऊ चौकटींत मांडायचं साधन. त्या नऊ चौकटी भरून घ्यायला अर्धा तास पुरतो. पण त्या चौकटींचा एकमेकींशी काय संबंध आहे, यावर लोकांना बोलतं करणं हे खरं शिकवणं. त्यासाठी समोरची माणसं कधी बोलतात, कोणासमोर गप्प बसतात आणि आकडे कसे मोजतात, हे त्या त्या देशात जाऊन समजून घ्यावं लागतं.

आधी साधन हातात बसू द्या

अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांनी स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात ईव्ह पिन्यर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ मध्ये बिझनेस मॉडेलवर पीएचडीचा प्रबंध लिहिला. आजचा कॅनव्हास त्या कामातून पुढे आला. त्याची रचना नीट लक्षात ठेवा, कारण जागांनाही अर्थ आहे. मधोमध मूल्य प्रस्ताव, म्हणजे ग्राहकाची कोणती अडचण तुम्ही सोडवता ते. उजवीकडे ग्राहक गट, त्यांच्याशी असलेलं नातं आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे मार्ग. डावीकडे प्रमुख कामं, साधनसामग्री आणि भागीदार. खाली डावीकडे खर्च, उजवीकडे उत्पन्न. उजवी बाजू गिऱ्हाईक बघतं, डावी बाजू पडद्यामागची. एवढं एक वाक्य सांगितलं तरी निम्मा गोंधळ कमी होतो.

मूळ कॅनव्हास क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. तो छापता येतो, स्थानिक भाषेत उतरवता येतो. मूळ श्रेय छापायचं आणि तुम्ही केलेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली खुली ठेवायची, एवढी अट. काही प्रशिक्षक श्रेयाची ओळ कापून स्वतःचा लोगो लावतात. तसं करू नका.

कॅनव्हासमध्ये काय नाही, तेही माहीत हवं. त्यात स्पर्धकांसाठी चौकट नाही आणि काळ दिसत नाही. "आमचा प्रतिस्पर्धी कुठे लिहायचा?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सरळ द्या: या कागदावर नाही, बाजूच्या भिंतीवर वेगळा कागद लावू.

निमंत्रण, परवानगी आणि तारीख

पर्यटक व्हिसावर वर्ग घेणं, अगदी विनामूल्य असलं तरी, काही देशांत ‘काम’ धरलं जाऊ शकतं. थायलंडमध्ये परदेशी माणसाला कामासाठी वर्क परमिट लागतं. म्हणून आधी यजमान संस्थेकडून लेखी निमंत्रणपत्र घ्या. त्यात तारीख, ठिकाण, कामाचं स्वरूप आणि मानधन आहे की नाही, हे स्पष्ट असू द्या. मग त्या देशाच्या दूतावासाला विचारा. "सगळे असंच करतात" या भरवशावर जाऊ नका. मानधन असेल तर कर कापून मिळणार की पूर्ण, हेही त्याच पत्रात येऊ द्या.

तारखेचं गणित देशागणिक बदलतं. बांगलादेशात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, म्हणजे ढाक्यात रविवारी सकाळी लोक ऑफिसात असतात. नेपाळात शनिवार सुट्टीचा. इंडोनेशिया आणि मलेशियात शुक्रवारी दुपारच्या नमाजासाठी मोठी मधली सुट्टी सोडावी लागते. रमजानात सेशन सकाळी घ्या आणि चहा-बिस्किटांचा ब्रेक गाळा. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा गोल्डन वीक, थायलंडमध्ये १३ ते १५ एप्रिलचा सोंगक्रान आणि व्हिएतनाममध्ये तेतचे, म्हणजे तिथल्या नववर्षाचे, दिवस टाळलेलेच बरे. तेत चांद्र पंचांगानुसार येतो, त्यामुळे दरवर्षी तारीख बघूनच ठरवा.

सामान थोडंच, पण नेमकं

ए-झीरो आकाराचा कॅनव्हास मागवायचा तर प्लॉटर, म्हणजे मोठ्या कागदावर छापणारं यंत्र, असलेलं छपाईचं दुकान लागतं आणि परक्या गावात ते वेळेवर सापडेलच असं नाही. तिथे हा उपाय कामी येतो. ए-झीरो म्हणजे बरोबर १६ ए-फोर कागद. पीडीएफ छापताना प्रिंटच्या खिडकीत ‘पोस्टर’ हा पर्याय निवडला की फाइलचे तुकडे आपोआप पडतात. कागद आडवे ठेवून एका ओळीत चार, अशा चार ओळी जोडायच्या. साधे प्रिंटर कडेला पांढरी पट्टी सोडतात. म्हणून प्रत्येक कागदाची उजवी आणि खालची पट्टी कापायची, ती कापलेली कड शेजारच्या कागदाच्या पांढऱ्या पट्टीवर चढवायची आणि मागून टेप लावायची. चार गटांसाठी चार कॅनव्हास असे आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत तयार होतात. तेही जमलं नाही, तर तपकिरी कागदाच्या रोलवर मार्करने रेघा मारा. हाताने आखलेल्या चौकटींमध्ये लोक जास्त मोकळेपणाने लिहितात, असं मला नेहमी दिसलं आहे.

मार्कर जाड टोकाचे घ्या. बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी दोन मीटरवरून वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही त्यावर गट चर्चा करू शकत नाही. स्टिकी नोट्स तीन रंगांच्या. चिकटपट्टी कागदी, म्हणजे मास्किंग टेप. भाड्याच्या हॉलच्या भिंतीचा रंग निघाला तर यजमानांना त्रास होतो.

विजेचं एवढं बघा: जपानमध्ये व्होल्टेज १०० आणि सॉकेट चपट्या दोन पिनांचं. सिंगापूर, मलेशिया आणि हाँगकाँगमध्ये चौकोनी तीन पिनांचं, इंडोनेशिया आणि कोरियात गोल दोन पिनांचं. चीनच्या मुख्य भूमीवर गुगलच्या सेवा आणि व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या इंटरनेटवर चालत नाहीत. सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर पीडीएफमध्ये न्या, क्लाउडच्या भरवशावर राहू नका.

उदाहरण रस्त्यावर शोधा

बहुतेक प्रशिक्षक अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांची उदाहरणं देतात. सहभागी माना डोलावतात आणि विसरून जातात. त्यापेक्षा सेशनच्या आदल्या दिवशी त्या शहरात दोन तास पायी फिरा आणि लोक रोज वापरतात असा एक धंदा निवडा.

टोकियोत असाल तर कोंबिनी घ्या, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरचं ते छोटं दुकान. जपानमधलं पहिलं सेव्हन-इलेव्हन १९७४ मध्ये टोकियोच्या तोयोसू भागात उघडलं. आधी सगळ्यांना दिसणारी उजवी बाजू भरून घ्या: घाईतला नोकरदार, रात्री उशिरा परतणारा विद्यार्थी, तयार जेवण, विजेचं बिल भरायची सोय. मग विचारा, एवढ्याशा दुकानात गोदाम कुठे आहे? ते जवळजवळ नाहीच. माल दिवसातून अनेकदा थोडा थोडा येतो. म्हणजे ‘प्रमुख कामं’ या चौकटीत पुरवठ्याचं वेळापत्रक आलं आणि ‘साधनसामग्री’मध्ये काय विकलं जातंय याची माहिती. शेवटी दुकानातल्या एटीएमकडे बोट दाखवा. या समूहाने २००१ मध्ये बँक सुरू केली, आज ती सेव्हन बँक म्हणून ओळखली जाते. तिचं उत्पन्न प्रामुख्याने कर्जाच्या व्याजातून येत नाही. इतर बँकांचे ग्राहक तिचं मशीन वापरतात, त्याबद्दल त्या बँका शुल्क देतात, त्यातून येतं. मग ग्राहक कोण, पैसे काढणारा माणूस की त्याची बँक? हा प्रश्न टाकला की वर्ग जागा होतो, कारण काल रात्रीच त्यातल्या कुणीतरी त्या मशीनमधून पैसे काढलेले असतात.

जकार्तात गोजेक आहे, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. २०१० मध्ये ही सेवा एका कॉल सेंटरवर आणि २० मोटरसायकल चालकांवर सुरू झाली, अ‍ॅप आलं ते जानेवारी २०१५ मध्ये. दोन कॅनव्हास शेजारी शेजारी लावा, एक २०१० चा, एक २०१५ चा. कॅनव्हासवर काळ दिसत नाही ही उणीव अशी भरून निघते. इथे प्रवासी आणि चालक असे दोन ग्राहक गट आहेत, दोघांसाठी दोन रंग वापरा. पिवळी चिठ्ठी प्रवाशाची, निळी चालकाची. प्रत्येक निळ्या ग्राहकासाठी मधल्या चौकटीत निळा मूल्य प्रस्ताव आहे का, एवढंच तपासायला सांगा. रिकामी राहिलेली जागा लोकांना स्वतःच दिसते.

सामाजिक संस्थांसोबत बसणार असाल तर मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय उत्तम. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ते ११ खाटांवर सुरू केलं. काही रुग्ण पैसे देतात, बऱ्याच जणांवर मोफत किंवा अत्यल्प दरात उपचार होतात आणि तरी रुग्णालय स्वतःच्या उत्पन्नावर चालतं. कसं, ते डाव्या बाजूला आहे. शल्यविशारदाचा वेळ फक्त शस्त्रक्रियेत जावा अशी कामाची आखणी, आणि डोळ्यात बसवायच्या भिंगांचा खर्च खाली आणण्यासाठी १९९२ मध्ये उभी केलेली ऑरोलॅब. "आम्ही धंदा करत नाही, आम्हाला हे कशाला?" असं म्हणणारी मंडळी या उदाहरणानंतर खुर्ची पुढे ओढून बसतात.

प्रत्यक्ष सेशन

वीस-पंचवीस जण, चार-पाच जणांचे गट, साडेतीन तास. यापेक्षा मोठा वर्ग पहिल्या वेळी घेऊ नका. दुभाषी असेल तर प्रत्येक गोष्टीला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. तेव्हा मजकूर निम्मा करा, वेग वाढवू नका. दुभाष्यासोबत आदल्या दिवशी अर्धा तास बसून नऊ चौकटींची स्थानिक नावं पक्की करा आणि तीच कागदावर छापा.

पहिली वीस मिनिटं तुम्ही निवडलेलं उदाहरण उभ्याने, चिठ्ठ्या लावत लावत सांगा. आधी ग्राहक, मग मूल्य, मग पैसा, सगळ्यात शेवटी डावी बाजू. सगळ्या चिठ्ठ्या आधीच लावलेला कॅनव्हास दाखवू नका. चिठ्ठी लावताना तुम्ही काय बोलता, तेच तर ते शिकत असतात.

त्यानंतर गटांचं काम, आणि इथे शांतता पाळायला लावा. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने स्वतःच्या चिठ्ठ्या लिहायच्या, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. टोकियो, सोल, हनोई अशा ठिकाणी वरिष्ठ बोलल्याशिवाय कनिष्ठ बोलत नाहीत, आणि वरिष्ठ बोलल्यावर त्याच्या विरोधात बोलत नाहीत, असं अनेक गटांत दिसतं. बोलायचा आग्रह धरलात तर माणसं आणखी मिटतात. पण लिहिलेल्या चिठ्ठ्या एकदम भिंतीवर गेल्या की कुठली चिठ्ठी कुणाची हा प्रश्नच मागे पडतो. मग सारख्या चिठ्ठ्या जवळ आणायच्या आणि त्या घोळक्याला नाव द्यायचं. ही रीत आशियातलीच आहे. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी नेपाळच्या डोंगराळ भागात बरंच क्षेत्रकार्य केलं आणि जमलेल्या विखुरलेल्या नोंदी जुळवण्यासाठी चिठ्ठ्यांची पद्धत बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती केजे पद्धत म्हणून ओळखली जाते. १९८४ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काठमांडूत किंवा क्योतोत हे जरूर सांगा.

शब्दांऐवजी चित्रं काढायला सांगा. ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांना चित्रामुळे बरोबरीची जागा मिळते. शिवाय चित्र काढताना गोलगोल बोलता येत नाही. ‘दर्जेदार सेवा’ लिहिणं सोपं आहे, ती काढून दाखवा म्हटलं की विचार करावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हो ची मिन्ह सिटीत एका गटाने कॉफीच्या गाडीचा कॅनव्हास केला होता. ग्राहकाच्या चौकटीत एकच चिठ्ठी, ‘सगळे’. हे चूक आहे असं सांगून काही साधत नाही. मी विचारलं, सकाळी साडेसहाला कोण येतं? गटातली एक मुलगी म्हणाली, कारखान्याच्या पाळीला जाणारे, मोटरसायकलवरून न उतरताच घेतात. आणि दुपारी तीनला? विद्यार्थी, एक कप घेऊन दोन तास बसतात. मग ‘सगळे’ची चिठ्ठी निघाली आणि तिथे दोन आल्या. त्याबरोबर बाकीचा कागदही हलला. पहिल्या गटाला झाकण लावलेला कप आणि सुट्टे पैसे न लागणारं पेमेंट हवं, दुसऱ्याला स्टूल आणि सावली. स्टूल म्हणजे फुटपाथची जागा, म्हणजे डावीकडे शेजारच्या दुकानदाराशी भागीदारी आणि खाली खर्च. एक चिठ्ठी बदलली की आणखी कुठल्या चार बदलतात, हे लोकांनी स्वतःच्या हाताने करायला हवं. तुमचे प्रश्न नेहमी वेळ, जागा आणि कृती यांबद्दल असू द्या: कधी, कुठे उभा असतो, हातात काय असतं, त्याआधी काय करत होता. "तुमचा मूल्य प्रस्ताव काय?" असं विचारलं की तोंडपाठ उत्तर येतं.

आकडे बोलताना

उत्पन्न आणि खर्चाच्या चौकटीत किमान एक आकडा आलाच पाहिजे, अंदाजे का होईना. आपण लाखात मोजतो. चीन, जपान आणि कोरियात मोजणीचा टप्पा दहा हजारांचा असतो. तिथल्या दहा टप्प्यांचा आपला एक लाख होतो. इंडोनेशिया आणि व्हिएतनाममध्ये दहा लाख हा टप्पा रोजच्या बोलण्यात येतो, आणि व्हिएतनाममध्ये किंमत सांगताना शेवटची तीन शून्यं गाळायची सवय आहे. कॉफी वीसला म्हटलं तर ती वीस हजार डाँगला असते. हे माहीत नसेल तर तुम्ही हजारपटीच्या फरकावर मान डोलावून मोकळे व्हाल. त्यामुळे आकडा भिंतीवर पूर्ण शून्यांसह लिहायला लावा, आणि "दिवसाला किती गिऱ्हाईकं, प्रत्येकाकडून किती?" असा गुणाकार तिथल्या तिथे करायला सांगा. तुमच्या चलनात रूपांतर करू नका. ते तुमच्या सोयीचं असतं, त्यांच्या नाही.

चर्चा, टीका आणि बाहेरची फेरी

गटांनी एकमेकांचे कॅनव्हास बघताना उघड टीका मागू नका. चारचौघांत चूक दाखवणं बऱ्याच ठिकाणी अपमान वाटतो. त्याऐवजी प्रत्येकाला तिसऱ्या रंगाच्या तीन चिठ्ठ्या द्या आणि त्यावर फक्त प्रश्न लिहायला सांगा. प्रश्न चिठ्ठीच्या शेजारी चिकटवायचा, उत्तर लगेच द्यायचं नाही. दहा मिनिटांत भिंत प्रश्नांनी भरते आणि कुणाचा मान कमी होत नाही.

मग गटाने आपल्या कॅनव्हासवरची सगळ्यात धोक्याची समजूत निवडायची, म्हणजे जी खोटी निघाली तर सगळं कोसळेल ती. तिच्यावर मोठा ठिपका काढा. शक्य असेल तर शेवटचा पाऊण तास वर्गाबाहेर घालवा: प्रत्येक गटाने तीन खऱ्या माणसांशी बोलायचं आणि परत येऊन एक तरी चिठ्ठी बदलायची. तुम्हाला भाषा येत नसेल तर गटामागे चार पावलं उभे राहा, प्रश्न त्यांनाच विचारू द्या. फोटो काढायचा तर आधी परवानगी घ्या.

निघण्यापूर्वी

प्रत्येक कॅनव्हासचा समोरून, पुरेशा उजेडात फोटो घ्या आणि मूळ कागद गटाकडेच ठेवा. फोटो कुणाला दाखवणार असाल तर विचारा. धंद्याची कल्पना त्यांची असते, ती पुढच्या शहरात उदाहरण म्हणून वापरायचा हक्क तुम्हाला आपोआप मिळत नाही. गटासाठी संपर्काचं मेसेजिंग अ‍ॅप त्यांचं निवडा: जपान, थायलंड आणि तैवानमध्ये लाइन, कोरियात काकाओटॉक, व्हिएतनाममध्ये ‘झालो’ (Zalo), चीनमध्ये वीचॅट, इंडोनेशियात आणि मलेशियात व्हॉट्सअ‍ॅप. ईमेलची वाट बघत बसू नका.

दोन आठवड्यांनी एकच प्रश्न पाठवा: त्या दिवसानंतर कुठली चिठ्ठी काढली, आणि तिथे काय लावलं? ज्या गटांकडून फोटो येईल त्यांच्यासोबत अर्ध्या तासाचा कॉल ठरवा. कॉलवर नवा कॅनव्हास मागू नका. तोच जुना कागद कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा आणि ठिपका असलेल्या चिठ्ठीपासून बोलायला सुरुवात करा.